समुद्र बाहेर गेला आहे

पुण्यात समुद्र नाही. समुद्राला लागणारं बाकी सगळं आहे. नौदलाचे अधिकारी व्हायला निघालेली देशभरातली पोरं खडकवासल्याच्या एनडीएत येतात आणि धरणाच्या पाण्यात शिडाच्या होड्या हाकायला शिकतात. तिथून जवळच १९१६ साली स्थापन झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. देशातल्या बंदरांच्या प्रतिकृती मांडून तिथे भरती-ओहोटी तयार करतात आणि मुंबईच्या बंदरात गाळ कुठे साचेल हे पुण्यात बसून सांगतात. पुणेकराने मुंबईला सल्ला द्यावा आणि त्याचा सरकारकडून पगारही घ्यावा, असं भाग्य दुसऱ्या कुठल्या खात्यात नसेल. धरणाच्या काठाला तर आम्ही सरळ चौपाटीच म्हणतो. कणसं आहेत, कांदाभजी आहेत, उंटसुद्धा दिसतो. लाट तेवढी कमी पडते, पण रविवारच्या गर्दीत ती कुणाला आठवत नाही.

त्यामुळे आमचं उत्तम चाललं होतं. मग आत्याने फोटो टाकले.

माझा आतेभाऊ मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकतो. तो एका शनिवारी सकाळी रेल्वेत बसला, इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरच्या चिंक्वे तेर्रेला गेला, पाच गावं पाहिली आणि रात्री खोलीवर परत आला. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे. कड्यावर एकावर एक रचलेली गुलाबी-पिवळी घरं, खाली निळं पाणी आणि मधून जाणारी रेल्वे. १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत ही गावं. फोटो त्याने काढले, पण घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचं प्रकाशन आत्याने कोथरूडहून केलं, तेही एकेक करून, प्रत्येकाखाली मजकुरासह. ‘या गावाला स्टेशनपासून ३८२ पायऱ्या आहेत. सगळ्या चढला!’ हाच आतेभाऊ अकरावीपर्यंत पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्यांना ‘गुडघा दुखतो’ म्हणून खालीच बसायचा, हे ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक होतं. पण वडीलधाऱ्यांच्या ग्रुपवर इतिहास काढायचा नसतो, अंगठा दाखवायचा असतो.

शेवटच्या फोटोत बशीत एक पिवळं, खरपूस काहीतरी होतं. फारिनाता. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं तेल, आणि भट्टी. माझी आजी चष्मा वर करून म्हणाली, “धिरडं आहे. जरा जाड झालंय.” ते युरो देऊन खाल्लं हे तिला आम्ही सांगितलं नाही.

फोटोंनंतर आत्याचा समारोप आला. ‘एका दिवसात पाच गावं, तेही रेल्वेने! नाहीतर आपल्याकडची मुलं रविवारी बारापर्यंत लोळतात.’ मुलं हा शब्द अनेकवचनी असला तरी ग्रुपवर त्या वयाचा मी एकटाच आहे.

दुसऱ्या दिवशी कॉलेजसमोरच्या अमृततुल्यात बैठक बसली. आमच्यात मेकॅनिकलचा एक आहे. त्याला कुठल्याही गोष्टीचा तक्ता केल्याशिवाय चैन पडत नाही. चहा ‘एक कटिंग’ सांगतानासुद्धा तो वहीत बघतो असा आम्हाला संशय आहे. त्याला आम्ही नियोजनप्रमुख म्हणतो. त्याने अटी लिहिल्या: रेल्वेने जायचं, रेल्वेने यायचं, त्याच दिवशी यायचं, समुद्र पाहिजे, आणि गावं पाच पाहिजेत.

पर्याय भराभर गळाले. मुंबईला समुद्र आहे, पण ते गाव नाही. अलिबागला दोन्ही आहे, पण तिकडे जाणाऱ्या रुळांवरून थळच्या खत कारखान्याची मालगाडी धावते. “युरियाच्या पोत्यांसाठी सोय आहे, आपल्यासाठी नाही,” प्रमुख म्हणाला. रत्नागिरीला जाऊन त्याच दिवशी परत येणं म्हणजे स्टेशनवरच्या नळाचं पाणी पिऊन येणं. कुणीतरी हळूच लोणावळा म्हणालं, तर त्याला चहाचे पैसे भरायला लावले.

मग प्रमुखाने वही फिरवून आमच्याकडे केली. उरण! १२ जानेवारी २०२४ ला पनवेल खाडीच्या पलीकडची लोकल थेट उरणपर्यंत जाऊन पोचली. पुण्याहून प्रगती एक्स्प्रेसने पनवेल, तिथून लोकलने बेलापूर, बेलापूरहून दुसरी लोकल. शेवटच्या स्टेशनात उतरलं की तीन बाजूंना पाणी. आणि गावं? मोरा, नागाव, केगाव, करंजा अशी चार सापडली. पाचवं काही केल्या सापडेना, तेव्हा खुद्द उरणच त्यात धरलं. खजिनदाराने खर्च काढला. आतेभावाला त्या दिवशी जेवढे पैसे नुसते त्या धिरड्याला लागले असतील, तेवढ्यात आमचं जाण्या-येण्याचं तिकीट होणार होतं. ठराव मंजूर झाला.

रविवारी सकाळी आठच्या आत पुणे स्टेशनवर पाच जण जमले, हाच खरं तर प्रवासातला पहिला प्रेक्षणीय प्रसंग. प्रमुखाकडे छापील तक्ता होता. खजिनदाराकडे सुटे पैसे होते. तिसऱ्याकडे थोरल्या भावाचा कॅमेरा होता. चौथ्याकडे तीन मजली डबा होता.

“एवढं काय आणलंस?”

“आज एकादशी आहे ना. आईने खिचडी दिलीय, बटाट्याचा कीस दिलाय आणि वर शेंगदाण्याचे लाडू.”

“अरे, आपण कोळीवाड्यात जेवायला चाललोय!”

“म्हणूनच तर दिलंय,” तो खिन्नपणे म्हणाला.

प्रगतीला आता काचेच्या छताचा डबाही लागतो. त्याचं तिकीट पाहून खजिनदाराने खिडकीबाहेर बघणं फुकट असल्याचा निर्वाळा दिला. लोणावळ्यापर्यंत कुणी फारसं बाहेर बघत नाही, कारण तळेगाव, कामशेत, मळवली हा सगळा पट्टा पुण्याच्या पोरांना पावसाळ्यात भिजून पाठ झालेला असतो. खंडाळा सुटलं की मात्र सगळे खिडकीशी येतात. गाडी घाट उतरायला लागते. मध्येच उगाच थांबल्यासारखी थांबते. ती ब्रेक धरतायत ना याची खात्री करत असते. नवख्या प्रवाशाला वाटतं सिग्नल नाही, आणि माहीतगार माणूस ही संधी साधून शेजाऱ्याला सदतिसाला एक फुटाचा उतार म्हणजे काय ते समजावून देतो. आमच्या डब्यात असे माहीतगार प्रत्येक बाकावर होते.

फोटोवाल्याने बोगद्यांची वाट पाहत पाहत दऱ्यांचे फोटो काढायचे ठरवले होते. कॅमेऱ्याचं बटण आणि बोगद्याचं तोंड यांचं काय साटंलोटं होतं कोण जाणे, त्याची निम्मी चित्रं ठार काळी आली. ती मी जशीच्या तशी ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, ‘भोर घाट, १८६३. जिनोव्हा ते ला स्पेत्सिया ही इटलीतली किनाऱ्याची रेल्वे १८७४ ची आहे. आपण अकरा वर्षांनी पुढे.’

मिलानमध्ये तेव्हा पहाटेचे पाचसुद्धा वाजले नव्हते. त्यामुळे इटलीची बाजू आत्यानेच लढवली. ‘इटलीत पहिली गाडी १८३९ ला धावली. आपल्याकडे १८५३.’ हे तिने शोधून काढलं म्हणजे तिने सकाळचा चहा बाजूला ठेवला होता. मी उत्तर लिहीपर्यंत बोगदा आला आणि रेंज गेली. पुढच्या उजेडात पाठवलं, ‘त्याचं पॉलिटेक्निक १८६३ चं. आपलं सीओईपी १८५४ चं.’ पुन्हा बोगदा. बाहेर आलो तोवर काकांनी ‘सुप्रभात’ लिहून वर गुलाबाचं फूल लावलेलं होतं. आमच्या ग्रुपवर युद्धबंदी अशीच होते.

कर्जतनंतर गाडी मुंबईचा रस्ता सोडून डावीकडे वळते आणि दहाच्या सुमारास पनवेलला येते. तिथून बेलापूरपर्यंत लोकल. बेलापूरला उरणची गाडी धरायची. ही गाडी भरपूर वेळ घेऊन येते. मुंबईच्या लोकलचा धसका घेतलेले आम्ही पिशव्या पोटाशी धरून, दारात घुसायच्या तयारीत उभे होतो. गाडी आली. दार रिकामं, बाक रिकामे. ज्याला जो हवा तो बाक मिळाला आणि तरी आम्ही सवयीने एकाच बाकावर चौघं बसलो.

खारकोपर गेलं की शहर संपतं आणि वेगळाच मुलूख सुरू होतो. एका बाजूला खारफुटी आणि मिठागरांचे चौकोन, दुसऱ्या बाजूला लाल-निळ्या-हिरव्या कंटेनरच्या पाच-पाच मजली चळती. फोटोवाला म्हणाला, “बघा, रंगीत घरं एकावर एक!” चिंक्वे तेर्रेशी इतकं साम्य पुढे दिवसभरात सापडलं नाही. मग न्हावा-शेवा येतं. बंदर १९८९ चं. देशातली कंटेनरची मोठी उलाढाल इथून चालते. तुमच्या घरातला एखादा परदेशी मिक्सर इथूनच उतरून घाट चढून आलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

समोरच्या बाकावर उरणचे एक आजोबा होते. गाडी येणार, गाडी येणार हे ऐकता ऐकता त्यांची नोकरी संपली होती. आता रोज लोकलने बेलापूरपर्यंत जाऊन येतात म्हणाले.

“काही काम असतं का?”

“काम कसलं? आली आहे गाडी, तर बसायला नको?”

असा प्रवासी रेल्वेला इटलीत मिळायचा नाही.

उरणला उतरलो तेव्हा बाराला थोडा अवकाश होता. प्रमुखाने तक्ता उघडला. एका गावाला वीस मिनिटं. रिक्षावाल्याला त्याने पाच गावांची नावं वाचून दाखवली. रिक्षावाल्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, “सर्व्हेवाले का तुमी?” दोन रिक्षा ठरल्या.

मोरा म्हणजे धक्का. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला इथून लाँच सुटते. रेल्वे नव्हती तेव्हा उरणकरांचा मुंबईचा हाच जवळचा रस्ता. समोर पाण्यात घारापुरीचा डोंगर. तो पाहून झाला. नागावच्या पीरवाडीचा किनारा हे दुसरं गाव. या किनाऱ्याला लागूनच ओएनजीसीचा प्रकल्प आहे. १९७४ मध्ये मुंबई हाय सापडलं, तिथलं तेल आणि वायू समुद्राच्या तळातल्या नळातून इथे येऊन किनाऱ्याला लागतं. म्हणजे किनाऱ्याकडे तोंड केलं की मावळतीचा समुद्र आणि पाठ केली की चिमण्या आणि टाक्या. फोटोवाल्याला एकच दिशा मोकळी होती आणि त्या दिशेला समुद्र जरा लांब दिसत होता. पुढे शेवाळलेले खडक, मग ओली वाळू, मग आणखी खडक, आणि त्याच्या पलीकडे पाण्याची एक चकाकती रेघ.

“इथे इतकाच असतो का?” खजिनदाराने विचारलं. त्याला पैसे देऊन कमी माल मिळाल्याची शंका लगेच येते.

“उथळ किनारा आहे,” प्रमुख म्हणाला. “करंजाला बघ.”

केगाव रिक्षातूनच झालं. उरण उभे होतो तेव्हाच झालं होतं. करंजाला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता आणि समुद्र आणखी कमी झाला होता.

करंजा हे मोठं कोळीगाव. द्रोणागिरीचा डोंगर पाठीशी आणि समोर धरमतरच्या खाडीचं तोंड. खाडीपलीकडे रेवस, म्हणजे अलिबाग तालुका. मधून लाँच जाते, पाव तासाचा प्रकार. अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० मध्ये इथे पूल बांधायची टूम निघाली. कामाला हात लागायला चाळीस वर्षांहून जास्त वेळ गेला. तोवर लाँचवाल्यांचं कुणी काही वाकडं केलं नाही. प्रमुखाच्या तक्त्यात ‘दु. १.२०, लाँचने समुद्रसफर’ अशी ठळक अक्षरांत नोंद होती.

धक्क्याच्या टोकाला गेलो. खाली चिखल. रंगीत होड्या चिखलात एका कुशीवर कलंडून पडल्या होत्या. त्यांची नावं मोठी झोकदार होती, ध्वज वाऱ्यावर फडफडत होते, आणि एकीचाही तळ पाण्याला लागत नव्हता. बांबूच्या वलांडीवर बोंबील जोडीजोडीने, जबड्यात जबडा अडकवून वाळत घातले होते. सगळ्या परिसराला वास होता. आमच्यातल्या एकादशीवाल्याने नाकाला रुमाल लावला, मग वास नुसता घेतला तर उपास मोडत नाही अशी स्वतःची समजूत काढून रुमाल खिशात ठेवला.

चिखलात काहीतरी उडी मारत होतं. वाकून पाहिलं. बोटाएवढा मासा, डोळे डोक्यावर टाचणीच्या टोपणासारखे वर आलेले, पुढच्या दोन परांवर रेटा देत सरपटत होता. मध्येच थांबायचा, पाठीवरचं शीड उभारायचा, दुसरा तसलाच समोर आला की दोघे तोंड उघडून एकमेकांवर धावून जायचे आणि अंगाला न लागता मागे फिरायचे. निवट्या त्यांचं नाव. पाणी गेलं की बाकीचे मासे पाण्याबरोबर जातात, हे मागे राहून चिखलात जागेवरून भांडतात. आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. दुसरं पाहायला काही नव्हतंच.

जवळच एक तांडेल जाळं सांधत बसले होते. प्रमुख त्यांच्याकडे गेला.

“काका, रेवसची लाँच?”

“हाय की. ती बघ.” ती पण चिखलाशेजारी उभी होती.

“कधी सुटणार?”

“पानी आल्यावर.”

“पाणी कुठे गेलंय?”

तांडेलांनी सुई थांबवली. इतका मूलभूत प्रश्न त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी विचारला नसावा. “कुठशी आलाव पोरांनो?”

“पुण्याहून.”

“बरं,” असं म्हणून त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. पुण्याचं नाव ऐकल्यावर सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. “आज तिथ कंची?”

“एकादशी,” डबेवाला चटकन म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याच्या ज्ञानाला भाव आला होता.

“अकराची पाऊणकी किती?”

खजिनदाराने मोबाइल काढला. तांडेल त्याच्याकडे बघत राहिले. “सव्वाआठ. म्हंजे सकाली सव्वाआठला भरती झाली. त्यात सा तास मिलवा. सवादोनला पुरी सुकती. मग पानी परत फिरेल. हिशेब सोपा हाय.”

खरोखरच सोपा होता. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा, आणि त्याच दिवसांत पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. ते उधाण. अष्टमीला आठ पाऊण सहा, आणि पाणी आळसावलेलं. तो भांग. चंद्र रोज पाऊण तासाने उशिरा येतो, म्हणून समुद्रही. एखाद-दुसरा तास इकडेतिकडे होतो, पण होडी बाहेर काढायला तेवढा अंदाज पुरतो. आम्ही चौघं इंजिनिअरिंगला आणि एक कॉमर्सला. चारही सेमिस्टरच्या गणितात एवढं कामाचं सूत्र कुणी शिकवलं नव्हतं.

तांडेलांनी जाळं परत मांडीवर घेतलं आणि सहज विचारलं, “तुमच्या पुन्यात पंचांग नाय?”

यावर कुणी काही बोललं नाही. पुण्यात पंचांग नाही का, हा प्रश्न शनिवार-सदाशिव पेठेतून ऐकायला मिळाला असता तर मानहानीचा दावा दाखल झाला असता. आमच्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय आहे. त्यात दुधाचे खाडे लिहिलेले असतात, चतुर्थीचा चंद्रोदय पाहिला जातो, गॅस सिलिंडर कधी लावला त्याची खूण असते. समुद्राची वेळही त्याच चौकोनात छापलेली असते, ते वाचायला करंजाला यावं लागलं. प्रमुखाने चार रेल्वेगाड्यांच्या वेळा मिनिटापर्यंत जुळवल्या होत्या. ज्याला भेटायला निघालो त्याची वेळ घ्यायची तेवढी राहून गेली होती.

आतेभावाला हा प्रश्न आलाच नाही, कारण भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. जिब्राल्टरच्या चिंचोळ्या फटीतून महासागराची भरती आत फारशी शिरत नाही. लिगुरियाच्या किनाऱ्यावर पाणी फुटभरही वरखाली होत नाही. सकाळी जा, दुपारी जा, समुद्र जागेवर. मुंबईच्या आसपास उधाणाला हेच अंतर चार-पाच मीटरचं होतं. पर्यटकाची सोय बघणारा समुद्र निराळा आणि स्वतःच्या कामाने येणारा-जाणारा समुद्र निराळा. आमचा दुसऱ्या जातीचा.

लाँचची सफर बारगळली, म्हणून जेवणाची वेळ पुढे ओढली. गावात एका घरी सांगितलं तर जेवायला मिळतं हे रिक्षावाल्याने सुचवलं होतं. ओटीवर चटया टाकल्या. घरच्या मावशी मोठ्या अंगाच्या, आवाज धक्क्यापर्यंत जाणारा. चार ताटं आली. तांदळाची भाकरी, तळलेले ताजे बोंबील, जवळ्याची चटणी, मांदेलीचं कालवण. पाचवा कोपऱ्यात डबा उघडून बसला. थंड साबुदाण्याचा गोळा चमच्याला चिकटत होता आणि त्याची नजर आमच्या ताटाला.

“तो पोरगा का नाय जेवत?” मावशी आतून म्हणाल्या.

“त्याची एकादशी आहे.”

मावशी हातातलं भांडं घेऊन बाहेर आल्या. तेव्हा आमचं पहिल्यांदा लक्ष गेलं: गळ्यात तुळशीची माळ. “माझी पन एकादस हाय,” त्या म्हणाल्या. पहाटेपासून त्यांनी मासळी साफ केली होती, विकली होती, तळली होती, रांधली होती. खाल्ला नव्हता तो एक घास. दर वर्षी पंढरीची वारी करतात. “धंदा येगला, माल येगली.”

त्यानंतर ओटीवरचं राजकारण पालटलं. आमच्याकडे कुणी फिरकेना. एकादशीवाल्याला पाट मिळाला, उकडलेली रताळी मिळाली, गुळाचा खडा मिळाला, दोन केळी मिळाली, दुधाचा पेला मिळाला. त्याची आई काय करते, वडील काय करतात, माळ घातली आहे का, घालायची इच्छा आहे का, अशी साग्रसंगीत चौकशी झाली. मी कालवणाचा वाडगा पुढे करून “मावशी, थोडं…” म्हणालो तर “घे तुझ्या हातान” असं उत्तर आलं. निघताना पैसे चौघांचेच घेतले. शिवाय त्याच्या रिकाम्या डब्यात त्याच्या आईसाठी रताळी भरून दिली. खजिनदाराने तिथल्या तिथे जाहीर केलं की पुढच्या सहलीला सगळ्यांनी एकादशी धरायची.

तीन वाजून गेले. धक्क्यावरून शेवटची नजर टाकायला गेलो, तर होड्यांच्या पोटाखाली पाण्याची बारीक जीभ आलेली. बघता बघता एक होडी जराशी हलली, सरळ व्हायला लागली. निवट्या बिळांत पळाले. लाँचवाल्याने दोर सोडायची तयारी केली आणि आम्हाला हाक मारली, “चला, आलं पानी!”

पण चारच्या आत उरण लोकल, साडेपाचच्या सुमाराला पनवेल आणि तिथून परतीची प्रगती. प्रमुखाने घड्याळ बघितलं, तक्ता बघितला आणि मान हलवली. समुद्र येत होता आणि आम्ही निघालो होतो. फोटोवाला रिक्षात उलटा बसून मागे सरकणाऱ्या पाण्याचे फोटो काढत राहिला. त्यातला एक चांगला आला. त्यात समुद्र आहे, लाट आहे, आणि रिक्षाच्या ताडपत्रीचा कोपरा आहे.

परतीच्या गाडीत कर्जतला वडे घेतले. घाट चढायला गाड्यांना इथे मागून जादा इंजिनं लावतात, तेवढ्या वेळात फलाटावर किती वडे खपतात याचा अभ्यास खरं तर वेगळा व्हायला हवा. एकादशीवाला वड्याकडे पाहून “यात बटाटाच आहे ना?” असं दोनदा म्हणाला. वरच्या बेसनाच्या आवरणाचं काय, यावर लोणावळ्यापर्यंत चर्चा झाली. निर्णय लागला तेव्हा वडे संपले होते.

रात्री ग्रुपवर मी कलंडलेल्या होड्यांचा फोटो टाकला. मिलानहून लगेच प्रश्न आला, ‘हे काय? पूर आला होता का?’ आत्याने विचारलं, ‘समुद्र कुठाय?’ आजीने मात्र फोटो मोठा करून वलांडीवरचे बोंबील मोजले आणि आणले का नाहीत म्हणून मला फैलावर घेतलं.

सल्ला विचाराल तर असा. उरणला जरूर जा. स्टेशनं मोकळी आहेत, डबे रिकामे आहेत आणि पुण्याहून एका दिवसात रेल्वेने समुद्राला हात लावून यायचा इतका स्वस्त मार्ग दुसरा मला माहीत नाही. पाच गावांचा हट्ट सोडा, करंजा एक पुरे. एकादशी टाळायची तर टाळा, पण टाळण्याआधी रताळ्यांचा विचार करा. निघण्यापूर्वी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघा आणि तिला पाऊणने गुणा. उत्तर अकरा ते दीडच्या मधलं आलं, तर गाडीचं तिकीट काढा. सव्वाआठ आलं, तर खडकवासल्याला जा. तिथलं पाणी कुठे जात नाही.